जुलैतले हिवाळी कोट

दारावर बंदुकीच्या दस्त्याचे ठोके पडले. व्हर्लीनने दार उघडलं, तसा सार्जंट दोन सैनिकांना घेऊन थेट आत शिरला. मंगळवारची भर दुपार. डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रविवारी दंगलीत पेटलेल्या आगी अजून विझल्या नव्हत्या आणि लुटीचा माल शोधायला घरोघर झडती चालू होती.

बाहेरच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर, टेबलावर, भिंतीतल्या प्रत्येक खिळ्यावर लोकरीचे जाडजूड कोट. ऐन जुलैत.

"काय बाई, दुकान टाकतेयस?" सार्जंट म्हणाला.

"ब्रँडेलच्या लाँड्रीतले आहेत, साहेब. गिऱ्हाइकांनी उन्हाळ्यापुरते ठेवायला दिलेले. चौदा वर्षं मी तिथे इस्त्रीला आहे. शेजारचं दुकान पेटलं तेव्हा मालकांचाच फोन आला. म्हणाले, किल्ली तुझ्याकडे आहे, जमेल तेवढं वाचव. त्यांनाच विचारा ना."

तिचा नवरा रूफस भिंतीकडे तोंड करून, हात वर धरून उभा होता. हातगाडीच्या चौथ्या खेपेला त्याचा दंड भाजला होता. "जळेना का," तो तेव्हा म्हणाला होता, "तुझ्या बापाचे आहेत का ते?" ती त्याच्यावरच चिडली होती.

नंबर तिनेच फिरवला. पलीकडून ब्रँडेलचा आवाज आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. "यांना जरा सांगा," म्हणत तिने रिसीव्हर सार्जंटच्या हातात दिला.

सार्जंटने ऐकून घेतलं. "ओळखतो म्हणतोय तुला. किल्ली तुझ्याकडे असते, तेही खरं म्हणतोय." त्याने कोटांवरून नजर फिरवली. "फोनबिन काही केला नव्हता म्हणतोय."

व्हर्लीनने रिसीव्हर ओढून घेतला. "मिस्टर ब्रँडेल, तुम्हीच तर..."

"हळू बोल," तो कुजबुजला. "दुकान लुटलं, असं मी कालच विमेवाल्यांना लिहून दिलंय. मीच न्यायला सांगितलं म्हणालो तर खोटा पडेन. तुला काय, चार दिवसांत सोडतील." मग जरा चाचरत त्याने विचारलं, "कोटांना धुराचा वास नाही ना लागला?"

तिने फोन ठेवून दिला.

दोघांना बेड्या पडल्या. रूफसने तिच्याकडे पाहिलं. सैनिक कवेत मावतील तेवढे कोट घेऊन पुढे उतरले. त्यातला एक, करड्या रंगाचा, फरची कॉलर असलेला, निसटून जिन्यात पडला. दोन रात्री तिने नवऱ्याला सोफ्यावर टेकूही दिलं नव्हतं, कोट चुरगळतील म्हणून.

कडेने जायला जागा होती. व्हर्लीन कोटावर पाय देऊन खाली उतरली.