एका दमात

“ठोके चुकवणारा हृदयातला भाग पूर्वी आम्ही उष्णतेने जाळायचो,” डॉक्टर समजावत होते. “आता विजेच्या बारीक झटक्यांनी नेमका तेवढाच निकामी करता येतो.”

“झटके मला घरी फुकट मिळतात,” सासूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या.

“नवीनच करा हो डॉक्टर. साध्यासुध्या उपायांना दाद देणाऱ्यातल्या नाहीत या,” सून फणकारली.

“बघा! मला टेबलावर चढवायची केवढी घाई हिला. मी काहीएक करून घेणार नाही.”

डॉक्टर सुनेकडे वळले. “ठोके बिघडले तरी आजींना कळत नाही. मग तुम्ही दर वेळी वेळेत कसं आणलंत?”

सून खालच्या आवाजात म्हणाली, “रोज सकाळी मुद्दाम टोचून बोलते. एका दमात उलट उत्तर आलं, की मी निर्धास्त. बोलता बोलता धाप लागली, की गाडी काढते. आता भांडून भांडून थकलेय, डॉक्टर. एकदाचं बरं करा यांना.”

सासूबाईंनी तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

सून ताडकन उठली. “डॉक्टर, आधी नाडी बघा!”