करंगळीची शाई

"आमच्या पोराचा पोलिओचा डोस झालाय," लसीची पेटी घेऊन आलेल्या आशाताईंची वाट अडवून तो म्हणाला. "शाई बघा आणि निघा."

बायकोने बाळाचा उजवा हात पुढे केला. करंगळीचं नख काळंभोर होतं. सकाळी त्यानेच तिच्या हातात मार्कर कोंबला होता. डोसानेच पोरं अधू होतात, असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं.

आशाताईंनी नख निरखलं. "दादा, आम्ही खूण डाव्या करंगळीला करतो."

तो बायकोवर उसळला. "एवढंही धड जमलं नाही तुला? वस्तीतल्या पोरांची बोटं दर वेळी बघतेस ना?"

"बघते की," ती म्हणाली, आणि बाळाचे गाल दाबून तिने त्याचं तोंड आशाताईंपुढे उघडलं.