जागेवरची दाद

"खिशातलं नको म्हणजे नको," शौकतसाहेब म्हणाले आणि दुकानदार गिरगिसने पुढे सरकवलेला छोटा प्लेअर त्यांनी बोटाने परत ढकलला.

निहाल ओठ आवळून उभी राहिली. कैरोतल्या अब्दुल अझीझ रस्त्यावरच्या त्या दुकानात बापलेकीचं बराच वेळ हेच चाललं होतं. घरचं जुनं टेपयंत्र बंद पडलं होतं. कॅसेटींवरची सगळी गाणी निहालने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती आणि आता ती ऐकायला काहीतरी घ्यायचं होतं. तिला हवा होता खिशात मावणारा प्लेअर, हेडफोनसकट. त्यांना हवा होता स्ट्रीमर, म्हणजे घरच्या वायफायवर चालणारा आणि दिवाणखान्यातल्या थोरल्या स्पीकरांना जोडायचा डबा.

सगळं अडलं होतं ते गुरुवारावर. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जुने दोस्त जमत. पुदिन्याचा चहा होई, गाणं लागे. गायिका एकच ओळ घोळवत, कुठे कुठे हिंडून अचूक मुक्कामावर आली, की शौकतसाहेबांच्या तोंडून "अल्लाह" निघे. त्यांनी दाद दिली म्हणजे जागा खरी, असं दोस्त मानत. बायको गेल्यावर त्यांच्यापाशी एवढंच उरलं होतं.

पण समोरच्या खुर्चीत बसणारे हाजी बयूमी हिवाळ्यात वारले आणि तेव्हापासून साहेबांची दाद चुकू लागली. कधी उशिरा, कधी भलत्याच ठिकाणी. दोस्तांनी आधी थट्टा केली, मग ते नुसतेच एकमेकांकडे बघू लागले. गाण्याचा आवाज तर इतका वाढला, की वरच्या भाडेकरूने तक्रार केली आणि घरमालकाने बैठकच बंद करायची धमकी दिली. दोस्त गेल्याच्या दुःखात बाबांचं चित्त थाऱ्यावर नाही, एवढंच निहालला वाटत होतं. ती अबुधाबीहून आली होती आणि उद्या तिचं विमान होतं.

"मग कानात बोळे घालून एकटाच बसू?" त्यांनी विचारलं. "दाद कुणाला देऊ, भिंतीला?"

मालकाने घराबाहेर काढल्यावर भिंतही उरणार नाही, असं तिने सुनावलं. ते गोरेमोरे झाले. गिरगिस बिचारा खाली मान घालून काच पुसत राहिला. शेवटी तिनेच तोडगा काढला. त्यांनी हेडफोन एकदा लावून बघावेत, नाहीच पटलं तर स्ट्रीमर घेऊ.

शौकतसाहेबांनी दाराकडे पाहिलं. मग मुकाट्याने स्टुलावर बसले. गिरगिसने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले, निहालने आणलेलं गाण्यांचं कार्ड प्लेअरमध्ये घातलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

साहेबांनी डोळे मिटले. त्यांची मान हळूहळू डोलू लागली, बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. निहालला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी उजवा हात उचलला.

"अल्लाह," ते अगदी मनापासून म्हणाले.

गिरगिसने चमकून वर पाहिलं. "साहेब, अजून मी गाणंच नाही ला—"

निहालने झटकन त्याचं मनगट धरलं. पडद्यावर नुसती गाण्यांची नावं होती. फोनवर बोलताना बाबांना नेहमी तिचा चेहरा समोर लागायचा. लेकीची माया म्हणून ती सुखावायची; ते तिचे ओठ वाचत होते, हे तिला आत्ता कळलं. स्टुलावर तिचे वडील डोळे मिटून डोलतच होते.

तिने हलकेच त्यांच्या कानांवरचे हेडफोन काढले आणि त्यांच्यासमोर तोंड करून उभी राहिली.

"तुमचंच खरं, बाबा," ती म्हणाली. "गाणं चारचौघांतच ऐकावं. गिरगिस, स्ट्रीमर बांधून द्या."

तो गुरुवारच होता. संध्याकाळी दोस्त आले, चहा फिरला. निहालने स्ट्रीमर लावला आणि आवाज अगदी बेताचा ठेवला. मग ती बयूमींच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली. कुणीतरी तिला टोकणार होतं, पण गाणं सुरू झालं होतं.

गायिकेने ओळ उचलली. ती वर नेली, मोडली, पुन्हा जोडली. खोलीत सगळे श्वास रोखून होते. ओळ मुक्कामाला टेकणार, तोच निहालने मांडीवरची बोटं जरा वर उचलली.

"अल्लाह," शौकतसाहेब म्हणाले. नेमक्या जागेवर. दोस्तांनी माना डोलावल्या, एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

गाणं संपलं तेव्हा ती त्यांच्या पेल्यात चहा ओतायला वाकली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"बयूमीही एवढीच बोटं उचलायचा," ते तिच्यापुरतं म्हणाले.