दोन बोटं फेस

भुजंगानं बीरचा ग्लास नव्या साहेबापुढं ठेवला आणि दोन पावलं मागं सरला. ग्लासावर दोन बोटं फेस होता, ताज्या धारेच्या दुधावर असतो तसा. त्याला वाटलं, साहेब आता खूश होणार.

साहेबानं ग्लास डोळ्यांपुढं धरला आणि टेबलावर आदळला. इंग्रजीत असा कडाडला की पूर्णा टेशनच्या खाणाघरातले सगळे वाढपी बेरे भिंतीला चिकटले.

इंग्रजी जाणणाऱ्या बन्सीधर टेशनमास्तरांनी हलक्या आवाजात उलगडून सांगितलं, "साहेब लंडनकडचे हायत. तिकडं ग्लास काठोकाठ भरून देतात. फेस दिसला की बीर चोरली म्हणतात. जुने साहेब उत्तरेचे, त्यांना फेस लागायचा. विचारायलेत, याला वतायला कुणी शिकवलं?"

भिंतीशी उभ्या लिंबाजीनं. दुसरं कोण शिकवणार? दहा वर्षं जुन्या साहेबाचा ग्लास त्यानंच भरला होता. फेस नाही ती बीर कसली, असं तो साहेब म्हणायचा. कालच नोकरीला लावलेल्या या मेव्हण्याचा हात धरून लिंबाजीनं तेच शिकवलं होतं. आता एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. पण मेल्या जिभेला काय झालं कुणास ठाऊक! तो फरशीकडं बघत राहिला.

भुजंगानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "कुनी न्हाई, मास्तर. माझ्याच मनानं वतली."

तिथल्या तिथं त्याच्या कमरेचा पट्टा उतरवून घेतला. नोकरी गेली.

साहेबानं लिंबाजीला बोटानं बोलावलं. लिंबाजीनं नवा ग्लास तिरपा धरला, कडेकडेनं बीर सोडली. काठोकाठ. वर एक बुडबुडा नाही. साहेबानं मान डोलावली. लिंबाजीला स्वतःच्या हाताची किळस आली.

भुजंग बाहेर फलाटावर पोचला होता. लिंबाजी धावत मागं गेला.

"भुजंगा, चुकलं रे माझं. लय चुकलं."

"ऱ्हाऊ द्या, दाजी. दोघं बी घरी बसलो तर अक्कानं चूल कशी पेटवायची?"

तो चार पावलं गेला आणि वळला.

"अक्काला तुमी काय बी सांगू नका. मीच सांगतो, मला वतायला जमत न्हाई म्हनून."