हॉर्नचं बटण

साळसकरांच्या जुन्या बुलेटचा हॉर्न पुन्हा बंद पडला होता. "काल कुंभार्ली घाटात वळणावर ट्रकखाली जाता जाता वाचलो आम्ही," ते चिडून म्हणाले. बायको, शैलजाबाई, शेजारी उभ्या होत्या.

मागच्या खेपेला नझीर मेकॅनिकनं बटण उघडून गंज काढला होता, वायरही बदलली होती. आज त्यानं नवंकोरं बटण बसवलं आणि दाबून पाहिलं. हॉर्न खणखणीत वाजला.

"बघा काका."

साळसकरांनी हँडल धरून डावा अंगठा बटणावर टेकवला. काहीच आवाज आला नाही.

"बघितलंस? एवढा जोर लावतोय मी!"

शैलजाबाईंनी त्यांच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवून हलकेच दाबलं. हॉर्न वाजला, आणि त्या दचकल्या. हल्ली नवऱ्याच्या शर्टाची बटणं त्याच लावून द्यायच्या. शिंप्यानं काजं घट्ट शिवलीत, असं ते म्हणायचे आणि त्यांना ते खरं वाटायचं.

नझीरनं मान खाली घातली. साळसकर मात्र म्हणाले, "हेही खराब निघालं. दुसरं बसव. मे महिन्यात स्पितीला जायचंय आम्हाला."

नझीरनं शैलजाबाईंकडे पाहिलं.

"बसव बाबा," त्या म्हणाल्या.

तो ते चांगलं बटण खोलायला लागला. साळसकर बाकावर बसून वाटेत मुक्काम कुठे कुठे करायचा ते रंगून सांगू लागले. शैलजाबाई हो हो म्हणत त्यांचा डावा अंगठा मुठीत धरून जोरजोरात चोळत राहिल्या. साळसकरांना ते जाणवलंही नाही.