तारकाबाईंची नजर

“साहेब, तुम्ही बाईंची नजर चोरलीत!” सांगलीच्या नाट्यगृहात, पहिल्या रांगेत बसलेल्या यमुनाक्का शेजारच्या सांस्कृतिक खात्याच्या अधिकाऱ्यावर फणकारल्या. गायिका-नटी तारकाबाई शिरगावकरांना, त्या जाईपर्यंत, त्यांनी तीस वर्षं नऊवारी नेसवली होती.

रंगमंचावर प्रकाशाच्या तारकाबाई गात होत्या. त्यांच्या साऱ्या नाटक-सिनेमांवरून यंत्रानं घडवलेल्या. पण पुरुषांच्या डोळ्यांत रोखून बघणारी त्यांची बदनाम नजर खात्यानं खाली झुकवली होती.

“शालीन दिसतात की, आजी,” अधिकारी हसला. “आजपासून हीच प्रत कायम. रोखून बघणाऱ्या बाकीच्या प्रती पुसणार.”

“शालीन? बाईंनी शेणगोळे झेलले, पण मान खाली घातली नाही!”

पद संपलं. सगळं नाट्यगृह ओरडलं, “वन्समोर!”

वन्समोरला बाई कधीच पहिल्यासारखं गात नसत. यंत्र तेही शिकलं होतं. दुसऱ्या ओळीला पापण्या सावकाश वर गेल्या आणि हजार माणसांचा श्वास अडकला. यमुनाक्कांचे हात आपोआप जोडले गेले. फिरत फिरत ती नजर अधिकाऱ्यावर येऊन थांबली. त्यानं मान खाली घातली.

“खाली काय बघता, साहेब?” यमुनाक्का म्हणाल्या. “वर बघा आणि बाईंच्या तोंडावर सांगा, पुसणार?”