बर्फ कुणामुळे धरतो

फ्रीझरमध्ये बर्फाचा कण नव्हता.

तपासनिसांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं. भिंत गार होती आणि कोरडी होती. एरवी इथे बोटभर जाडीचा थर असायचा, मटारची पिशवी त्यात रुतून बसायची आणि ती सोडवायला उलथनं लागायचं. आज तसलं काही नाही. त्यांनी दार लावलं आणि रिकाम्या स्वयंपाकघरात एकट्यानेच टाळी वाजवली.

ही लढाई वर्षभर चालली होती. तपासनिसांनी उभा जन्म कारखान्यात मालातले दोष काढले होते. निवृत्त झाल्यावर दोष काढायला घरात दोनच गोष्टी उरल्या, जुना फ्रिज आणि बायको. सुरुवात फ्रिजपासून केली. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला. कागद फाटला, पण सुटला नाही. पाणी जायची नळी तारेने साफ केली. बटण कमीजास्त केलं, फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला. बर्फ काही हटेना. मग फ्रिज निर्दोष सुटला आणि मागे एकच आरोपी राहिली.

तेव्हापासून ते फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसू लागले. बायकोने हात लावला की पेपरातून डोकं वर न काढता ओरडायचे, "दार!" ती दचकायची. लिंबू काढायला गेलेली बाई हात हलवत परत यायची. पाहुण्यांसमोरही ते तिला सोडत नसत. "आमच्याकडे बर्फाचा कारखाना आहे, मालकीणबाई या इथे बसल्यात," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. ती हसायची नाही आणि बोलायचीही नाही. त्यांच्या तोंडी लागणं तिने केव्हाच सोडलं होतं.

शेवटी तोड त्यांनीच काढली. "आठ दिवस लेकीकडे जाऊन ये. मी एकटा राहतो. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे." तिने मुकाट्याने बॅग भरली. ती गेल्यावर त्यांनी फ्रीझरमधला जुना बर्फ वितळवून आतली भिंत पुसून कोरडी केली.

आठ दिवस झाले, बर्फ धरला नाही. खरं तर एवढ्यात घर त्यांना खायला उठलं होतं. रविवारी तिला आणायला जायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण आधी निकाल. आणि साक्षीदाराशिवाय निकाल कसला? त्यांनी फ्रिजवाल्याला बोलावून घेतलं.

फ्रिजवाल्याने वाकून आत पाहिलं. "मशीनमध्ये दोष नाहीच आहे, काका. दर वेळी तेच सांगतोय."

"मी तरी काय म्हणतोय? ती सारखं दार उघडायची!"

"नुसतं दार उघडून एवढा बर्फ नाही धरत. कुणीतरी गरम भांडी आत ठेवत असणार. वाफ फ्रीझरला चिकटते आणि गोठते. जुन्या फ्रिजला नाही झेपत ते. तुम्ही काय काय ठेवलंत आठ दिवसांत?"

"दूध. एकदोनदा भात. पण निवल्यावर हं!"

फ्रिजवाल्याची नजर ओट्याकडे गेली. दुधाचं पातेलं, कढई, कालचा कुकर, सगळं ऐसपैस पसरलं होतं. "असंच करायचं," तो म्हणाला. "बाहेर राहू द्यायचं तासभर, मग आत."

तपासनीस खूश झाले. दार नाही तर गरम भांडी. गुन्हा बदलला तरी गुन्हेगार तीच निघाली. फ्रिजवाला जिना उतरत होता तोवर त्यांनी फोन लावलासुद्धा.

"बाबा, जेवलात का?" लेकीने विचारलं.

"ते राहू दे. आईला दे आधी."

बायको फोनवर आली. "हॅलो."

"बर्फ नाही! कणसुद्धा नाही! तू गेलीस आणि बर्फ गेला. गरम भांडी ठेवायचीस ना आत? कबूल कर."

"ठेवायचे," ती म्हणाली.

ती नाही म्हणेल आणि मग आपण तिला पकडू, असं त्यांनी ठरवलं होतं. ते जरा गडबडले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, मला ओट्यावर पसारा चालत नाही. जेवून हात धुऊन येईपर्यंत ओटा रिकामा दिसला नाही, तर भांडं उचलून सिंकमध्ये उपडं करायचात. केलेली भाजी किती वेळा गेली अशी. मग मी गरमच आत ठेवायला लागले."

तपासनिसांना आठवेना. मग आठवलं. त्यांनी ओट्याकडे पाठ फिरवली.

"बरं बरं, झालं गेलं," ते म्हणाले. आवाज जमेल तितका मऊ केला. "कारण सापडलं, विषय मिटला. यापुढे तू गरम ठेवायचं नाहीस आणि मी दार दार करणार नाही. रविवारी येतो तुला न्यायला."

पलीकडून नातवंडांचा गोंधळ ऐकू येत होता, आणि कुणीतरी मोठ्याने हसलं. ते हसू बायकोचं होतं, हे ओळखायला त्यांना वेळ लागला.

"येऊ नका," ती म्हणाली. "आठ दिवस मीही एक गोष्ट तपासत होते. तुमच्याशिवाय माझं कसं चालतं ते. उत्तम चालतं."